मुख्य संगोपक

श्रेयांस मगदूम मिरजेबाहेरच्या एका शीतगृहात देखभाल अभियंता होता. तासगाव भागातला बेदाणा तिथं वर्षभर खोक्यांत पडून असे, आणि खोल्यांचा गारवा ढळू न देणं हे त्याचं काम. तो संदेश आला तेव्हा तो चौथ्या खोलीत, स्वेटर घालून, एका कुरकुरणाऱ्या पंख्याखाली उभा होता.

‘बालिका चंदना हिचे मुख्य संगोपक म्हणून आपली नोंद झाली आहे. आपल्या वेतनातील निर्वाह कपात या महिन्यापासून थांबवण्यात येत असून, यापुढे बालिकेची निर्वाह रक्कम आपल्या खात्यात जमा होईल.’

श्रेयांसनं तो दोनदा वाचला. मग आपल्याला कुणी पाहिलं तर नाही ना, अशा नजरेनं त्यानं आजूबाजूला बघितलं. खोलीत खोक्यांशिवाय काही नव्हतं.

चंदना त्याची मुलगी. सहा वर्षांची. घटस्फोट झाला तेव्हा ती अडीच-तीन वर्षांची होती आणि ती आईकडं, विभावरीकडं, सांगलीला राहिली. रविवारी कोर्टाच्या भेटकक्षात तासभर भेटायची मुभा श्रेयांसला होती. पण त्या खोलीत, त्या प्लास्टिकच्या घसरगुंडीजवळ, त्याला पाहिलं की चंदना रडायला लागायची आणि वेळ संपेपर्यंत थांबायची नाही. चार-पाच रविवार असे गेल्यावर तो म्हणाला, माझ्यामुळं तिला त्रास होतो, मी येत नाही. आणि खरंच गेला नाही. घरी त्यानं वडिलांनाही सांगून टाकलं, की सांगलीचा विषय या घरात नको. तेव्हापासून त्याचा मुलीशी एकच संबंध उरला होता: पगार हातात येण्याआधी त्यातून कापली जाणारी रक्कम.

आणि आता ती मुलगी तोच सांभाळतो, असं सरकार म्हणत होतं.

पूर्वी निर्वाहाच्या पैशासाठी बायकांना कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. नवरे नोकरी बदलत, गाव बदलत, उत्पन्न लपवत. मग राज्यानं निर्वाह प्राधिकरण काढलं. पैसे थेट पगारातून, धंद्याच्या खात्यातून वळते होऊ लागले आणि वसुलीचं भांडण मिटलं. पण लगेच दुसरं उभं राहिलं. पैसे द्यायचे कुणाला? कागदावर मूल आईकडं, प्रत्यक्षात ते वाढतंय मामाच्या घरी. कागदावर ताबा बापाकडं, आणि डबा भरतेय आई. हजारो तक्रारी आल्या. प्रत्येक तक्रारीत दोघंही शपथेवर सांगत की मूल माझ्याकडंच असतं. प्राधिकरणाला खोटं कुणाचं ते कळेना. तेव्हा सहवास चाचणी आली.

“चूक झाली असणार,” दुसऱ्या दिवशी जिल्हा निर्वाह केंद्रात बसून श्रेयांस म्हणाला.

समोर निर्वाह अधिकारी नसरीन जमादार होत्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर सरकवून बोलण्याची सवय असलेल्या.

“कपात चुकली म्हणून रोज माणसं येतात,” त्या म्हणाल्या. “पैसे मिळतायत, ते चुकलं म्हणून येणारे तुम्ही पहिले. चाचणी कशी होते माहीत आहे?”

“वर्षातून एकदा कापसाची काडी गालात फिरवतात. पुढचं माहीत नाही.”

“तुम्ही बेदाण्याचे. तुम्हाला चटकन कळेल. द्राक्ष एकच, पण सोनाका वेगळं, माणिक चमन वेगळं. होय ना? तसंच माणसाच्या तोंडात जिवाणूंच्या शेकडो जाती असतात. जाती बहुतेकांच्या त्याच. पण प्रत्येक जातीत वाणं असतात, आणि वाणं ज्या-त्या घराची वेगळी. एका ताटात जेवणारी, एका घरात खोकणारी, एकमेकांचे पापे घेणारी माणसं ही वाणं एकमेकांना देत राहतात. रक्ताचं नातं त्यात लागत नाही. दत्तक मुलात आणि आईतही सारखीच वाणं सापडतात. उलट सख्खा बाप परगावी असला तर चार-दोन वर्षांत परका होतो.”

“आणि यंत्र हे मोजतं?”

“काडीवर जे येतं त्याची जनुकं वाचून मुलाची वाणं एका बाजूला ठेवतं, मोठ्या माणसाची दुसऱ्या बाजूला. शंभरातली किती जुळतात ते सांगतं. रस्त्यावरच्या दोन अनोळखी माणसांची दोन-तीन जुळतात. एका घरातल्यांची तीसच्या वर.” त्यांनी चष्मा खाली घेऊन पडद्याकडं पाहिलं. “चंदनाशी तुमचा अंक अडतीस. तिच्या आईचा एकोणीस.”

“मॅडम, मी तिला तीन वर्षांत पाहिलंसुद्धा नाही.”

जमादार बाईंनी त्याच्याकडं जरा वेळ बघितलं. तो खोटं बोलतोय असं त्यांना वाटत नव्हतं. आणि यंत्र खोटं बोलतंय असंही वाटत नव्हतं.

“नमुना अदलाबदल झाला असेल,” श्रेयांस म्हणाला.

“ते मी आधीच बघितलं. काडीवर तुमचीही जनुकं असतात. नमुना तुमचाच आहे. हे बघा, आईचा अंक विसाच्या खाली आला की ताब्याची चौकशी आपोआप लागते. महिन्याभरानं सुनावणी आहे. तोवर पैसे थांबवून ठेवते. मात्र तेव्हा तुम्हाला काहीतरी सांगावं लागेल.”

काय सांगायचं, हे विचारायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. तो तसाच उठला.

संध्याकाळी विभावरीचा फोन आला. तीन वर्षांत पहिल्यांदा. ती सांगलीतल्या एका इस्पितळात डायलिसिस विभागात तंत्रज्ञ होती, आणि मागून यंत्रांचे बारीक आवाज येत होते.

“कुठं भेटतोस तू तिला?” तिनं एकदम विचारलं.

“कुणाला?”

“श्रेयांस, मी भांडायला फोन केलेला नाही. फक्त सांग. शाळेत जातोस? रिक्षावाल्याला पैसे देतोस? अडतीस म्हणजे काय असतं, कळतं का तुला? रोज जेवलास तिच्याबरोबर तर येतात इतके.”

“मी कुठंच भेटत नाही.”

“मग माझे एकोणीस कसे? मी तिची आई आहे. मी तिच्याशेजारी झोपते. माझी मुलगी मी सांभाळत नाही, असं लिहून आलंय मला. सरकारी कागद.”

“मलाही आलाय. मी सांभाळतो म्हणून.”

तिनं फोन ठेवला. श्रेयांसला वाटलं, तिनं आणखी काही बोलायला हवं होतं. भांडली असती तरी चाललं असतं.

रात्री जेवताना त्यानं ते अप्पांना सांगितलं. अप्पा म्हणजे त्याचे वडील, जिनपाल मगदूम. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात दोघंच. एकच कुकर, एकच पातेलं, आणि अप्पांच्या सवयीनं बरेचदा एकच ताट. अप्पा दुपारी बाहेर पडत. ज्येष्ठ नागरिक संघात कॅरम असतो, म्हणत.

“चूक असेल,” अप्पा म्हणाले.

“मीही तेच म्हणालो.”

“सुनावणीत काय होईल?”

“माहीत नाही.”

अप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तो तसाच ताटात ठेवून दिला.

कुबेर आवटे हा श्रेयांसचा घटस्फोटाच्या वेळचा वकील. त्याच्या मनात मात्र कसलाही गोंधळ नव्हता.

“तुम्ही काहीच बोलायचं नाही,” तो म्हणाला. “चाचणीचा अंक हा पुरावा. तो खोटा आहे हे दाखवायचं काम त्यांचं. तुम्ही नुसते बसून राहिलात तरी मुलगी तुमच्याकडं येते. अशी केस माझ्या हातात दहा वर्षांत आली नाही, मगदूम.”

“पण मी तिला भेटतच नाही.”

“कुणी विचारलं तर सांगा. कुणी विचारत नाही. अंक बघतात.”

श्रेयांस बाहेर आला आणि मोटारसायकलला किल्ली न लावता नुसता बसून राहिला. चंदना घरी येईल. ती कुठं झोपेल, कुणाशी बोलेल, त्याला बघून पुन्हा रडेल का, यातलं त्याला काही दिसेना. पण ‘मुलगी तुमच्याकडं येते’ हे शब्द ऐकल्यावर छातीत जे झालं होतं, ते त्याला नाकारता येत नव्हतं. ती आपल्याला हवी होती, हे त्याला तीन वर्षांत कळलं नव्हतं. की कळूनही त्यानं ते झाकून ठेवलं होतं? तेही त्याला सांगता येईना.

सुनावणीच्या आठवडाभर आधी त्यानंच विभावरीला फोन केला. दोघं विश्रामबागेत एका चहाच्या दुकानात भेटली. ती पूर्वीपेक्षा पुष्कळ वाळली होती.

“मला हे समजून घ्यायचंय, बाकी काही नाही,” तो म्हणाला. “मी कॉम्प्रेसरचं बघतो. गळती कुठंतरी असतेच. मी तिला भेटत नाही आणि माझी वाणं तिच्यात आहेत. म्हणजे कुणीतरी मधे आहे. दिवसभर ती कुणाकुणाबरोबर असते?”

विभावरीला हे पटलं. निदान विचार करायला काहीतरी मिळालं.

“सकाळी मी. मग शाळा. दुपारी पाळणाघर, मालनकाकूंचं. माझी पाळी दुपारची असते ना, रात्री आठला मी तिला घेते. जेवणखाण तिकडंच होतं तिचं. काकू आहेत, त्यांची सून आहे, बाकीची पोरं आहेत. आणि ते म्हातारे, सिग्नलआजोबा.”

“कोण?”

“काकूंचे कुणी नातेवाईक असावेत. मुलांना गोष्टी सांगतात, खेळणी दुरुस्त करून देतात. चंदनाच्या तोंडी सारखं त्यांचंच नाव. मी कधी बघितलं नाही, मी येईपर्यंत ते गेलेले असतात.”

“सिग्नलआजोबा का म्हणतात?”

“पुठ्ठ्याचे सिग्नल करून दिलेत म्हणे. लाल-हिरवा…” बोलता बोलता ती थांबली.

श्रेयांसचा चेहरा बघून तिलाही कळलं. त्यांनी पैसे ठेवले आणि चहा तसाच टाकून दोघं निघाली.

पाळणाघर एका बंगल्याच्या तळमजल्यावर होतं. दार उघडंच होतं. आतल्या सतरंजीवर पाच-सहा मुलं पुठ्ठ्याच्या रुळांवर एकमेकांना ढकलत होती, आणि भिंतीला टेकून, पाय लांब करून, ज्येष्ठ नागरिक संघात कॅरम खेळायला गेलेले अप्पा बसले होते. त्यांच्या मांडीला खेटून चंदना बसली होती. दोघांच्यात एक ताटली होती. अप्पांनी शेंगदाण्याची चिक्की दातानं फोडली, अर्धी स्वतःला ठेवली, अर्धी तिच्या हातात दिली. तिनं चघळून बघितली, जास्तच कडक लागली म्हणून बाहेर काढून त्यांच्या ताटलीत ठेवली, आणि अप्पांनी ती उचलून खाल्ली.

श्रेयांस दारातच उभा राहिला. लहानपणी त्यालाही अप्पा चिक्की अशीच फोडून देत, हे त्याला आठवलं नाही असं नाही. पण त्या क्षणी त्याला राग आला होता, आणि तो कुणाचा, ते कळत नव्हतं.

“आई, आज लवकर?” चंदनानं विचारलं. मग तिची नजर श्रेयांसकडं गेली. ती रडली नाही. तिनं अप्पांचा सदरा ओढला. “आजोबा, हा कोण?”

अप्पांनी विभावरीकडं पाहिलं.

“हा माझा मुलगा,” अप्पा म्हणाले.

“एवढा मोठा?”

“होय की. झाला मोठा.”

तेवढ्यावर तिचं समाधान झालं आणि ती रुळांकडं पळाली.

विभावरी हळू आवाजात बोलत होती. “अप्पा, तीन वर्षं तुम्ही माझ्या मुलीजवळ येऊन बसताय, आणि मला माहीत नाही. मला एक शब्द सांगावासा वाटला नाही तुम्हाला?”

“सांगितलं असतं तर तू येऊ दिलं असतंस?”

“नसतं दिलं.”

“मग?”

मालनकाकू मधे आल्या. त्यांना वाटत होतं, आईला ठाऊक असेल. आजोबाच तर आहेत. पहिल्या वेळी त्यांनी नाव-गाव विचारलं होतं आणि अप्पांनी खरं तेच सांगितलं होतं. लपवलं होतं ते फक्त दोन्ही घरांपासून.

“मी तिला काही शिकवलं नाही,” अप्पा म्हणाले. “तिच्या बापाचं नाव काढलं नाही, तुझ्याबद्दल वाकडं बोललो नाही. नुसता यायचो. बस पकडायची, यायचं, पाचच्या बसनं परत जायचं.”

विभावरी चंदनाला घेऊन निघून गेली. बापलेक मोटारसायकलवरून मिरजेला परतले. घरी आल्यावर अप्पांनीच सुरुवात केली.

“वकील काय म्हणतो?”

श्रेयांसनं सांगितलं.

“मग गप्प बस तू,” अप्पा म्हणाले. “घरी आण तिला.”

श्रेयांसनं त्यांच्याकडं पाहिलं. अप्पा शांतपणे, विचार करून बोलत होते.

“ती रात्री आठपर्यंत दुसऱ्याच्या घरी असते. इथं मी आहे दिवसभर. माझं काय वय राहिलंय? चार वर्षं, पाच वर्षं. ती तरी तिच्याजवळ जाऊ देत.”

“आणि विभा?”

“तिला रविवारी भेटता येईल की,” अप्पा म्हणाले, आणि म्हणताना त्यांनी मान दुसरीकडं वळवली.

आवटेला अप्पांची हकिगत कळल्यावर तो खूशच झाला. आता तर नुसता अंक नव्हता, अंकामागं माणूसही होता. मुलीचं खरं संगोपन वडिलांच्या कुटुंबात होतंय, असं म्हणायचं. यात खोटं काय आहे? श्रेयांसलाही यात खोटं नेमकं कुठं आहे ते बोट ठेवून दाखवता आलं नाही. अप्पांनी सांभाळलं होतं. अप्पा त्याचे वडील होते. एकापुढं एक ठेवली की वाक्यं बरोबर होती. तरी सगळं मिळून काहीतरी चुकत होतं. कामावर त्यानं दोन खोल्यांच्या गारव्याचे आकडे उलटसुलट नोंदवले आणि हाताखालच्या माणसानं दाखवून देईपर्यंत त्याला पत्ता नव्हता.

सुनावणी म्हणजे जमादार बाईंच्या खोलीत एक लांब टेबल होतं, बस. एका बाजूला श्रेयांस आणि आवटे, दुसऱ्या बाजूला विभावरी. अप्पा भिंतीकडच्या बाकावर बसले होते. आवटेनं जे मांडायचं ते नीट मांडलं. जमादार बाई ऐकत होत्या.

“म्हणजे वाणं आजोबांकडून आली,” त्या म्हणाल्या. “यंत्र दोघांतलंच मोजतं. मधला माणूस त्याला दिसत नाही. हे आमच्याकडं पहिल्यांदाच झालंय. मग आईचा अंक का उतरला?”

“मला माहीत नाही,” विभावरी म्हणाली. “थंडीत मला न्यूमोनिया झाला होता, त्यात मी पंधरा दिवस इस्पितळात होते, तेवढीच दूर राहिले.”

“औषधं काय होती?”

“अँटिबायोटिक. एकानं उतार पडेना म्हणून दुसरं दिलं.”

जमादार बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. “मग जुळणार काय? औषधानं तुमच्याच तोंडातली वाणं धुऊन निघाली. नंतर जी आली ती इस्पितळातली. तुम्ही आजारी होता, आणि यंत्रानं लिहिलं की तुम्ही घरी नव्हता. तरी अंक हा अंक आहे. तो बाजूला ठेवायचा तर मला कारण लागेल. आता नेहमीचे प्रश्न विचारते. मुलीला कशाची अ‍ॅलर्जी आहे?”

“काजू,” विभावरी म्हणाली. आणि त्याच क्षणी, कुणी विचारलं नसताना, भिंतीकडच्या बाकावरून अप्पाही म्हणाले, “काजू.”

खोलीत सगळ्यांनी श्रेयांसकडं पाहिलं. त्याच्याच नावापुढं ‘मुख्य संगोपक’ असं लिहिलेलं होतं, आणि मुलीच्या माणसांत हे माहीत नसलेला तोच होता. विभावरी आणि अप्पांनी एकमेकांकडं बघितलं, आणि त्या नजरेत भांडण नव्हतं. ते दोघं एकाच मुलीच्या अंगावर उठलेल्या गांध्यांबद्दल काही जाणत होते. त्याच्याशिवाय.

आवटेचा हात टेबलाखालून त्याच्या गुडघ्यावर आला.

“मॅडम,” श्रेयांस म्हणाला, “मी मुख्य संगोपक नाही. मी कुठलाच संगोपक नाही. माझ्या पगारातून कापलं जायचं, तेवढाच माझा वाटा. ते अडतीस माझे नाहीत, अप्पांचे आहेत. मी फक्त त्यांच्याबरोबर जेवतो.”

“तुम्हाला ताबा नको?”

“हवाय,” तो म्हणाला, आणि आपल्या तोंडून हे आलं याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. “पण तिला मी माहीत नाही. मला ती माहीत नाही. ती तिच्या आईकडं राहू दे. आणि अप्पांना तिच्याकडं जाता येऊ दे. असं लिहिता येतं का?”

“आजोबांना कायद्यात रकानाच नाही,” जमादार बाई म्हणाल्या. “आई आणि वडील, दोनच.” त्यांनी बराच वेळ पडद्याकडं बघितलं. मग कीबोर्ड जवळ ओढला. “शेरा म्हणून लिहिते. शेऱ्याला माझी सही पुरते. रक्कम पूर्वीसारखी आईला. वडिलांना दर रविवारी भेट, कोर्टाच्या खोलीत नाही, बाहेर. वर्षानं पुन्हा चाचणी.”

बाहेर आल्यावर आवटे तडक निघून गेला. अप्पा जिन्यापाशी उभे होते.

“सोन्यासारखी पोर घरी येत होती,” ते म्हणाले. त्यानंतर कितीतरी दिवस ते श्रेयांसशी कामापुरतंच बोलले. तीन आठवड्यांनी विभावरीनं अप्पांना स्वतःच फोन केला. येत जा म्हणाली, पण मला सांगून. आणि पावसाळा संपल्यावर अप्पांनी सांगलीत पाळणाघराच्या गल्लीत एक खोली भाड्यानं घेतली. गुडघ्यांना बस झेपत नाही, हे कारण सांगितलं. ट्रंक रिक्षात ठेवताना श्रेयांसनं विचारलं, “माझ्यावर रागावून चाललाय का?”

“रागावलोय,” अप्पा म्हणाले. “पण चाललोय ते तिच्यासाठी.”

मिरजेच्या घरात श्रेयांस एकटाच उरला. आपण बरोबर केलं की आपल्याच हातानं घर रिकामं केलं, हे त्याला कुकरची एकच शिट्टी ऐकताना रोज नव्यानं ठरवावं लागे.

रविवार मात्र सुनावणीनंतर लगेच सुरू झाले होते. पहिल्या रविवारी चंदना त्याच्याशी बोलली नाही; आमराई बागेत तिनं झाडांना हात लावत नुसत्या फेऱ्या मारल्या आणि तो मागं चालत राहिला. विभावरीनं तिला सांगितलं होतं, हे तुझे बाबा. तिनं त्यावर विचार केला आणि त्याला ‘श्रेयांस’ म्हणायचं ठरवलं, कारण आजोबा त्याला तसंच म्हणत. पुढं एका रविवारी ती पडली, गुडघा फुटला, आणि रडत आधी त्याच्याकडं आली. त्याला काय करायचं सुचेना. त्यानं जखमेवर फुंकर घातली. ते चाललं. हिवाळ्यात तिला ताप आला तेव्हा विभावरीनं त्याला आपणहून बोलावलं, आणि त्या रविवारी तो तिच्या उशाशी बसून तिनं अर्धवट टाकलेली पेज संपवत होता.

वर्षानं चाचणी झाली. चौघंही निर्वाह केंद्रात आले होते, पण जमादार बाईंनी एकेकाला आत घेतलं. विभावरी एक्केचाळीसवर पोचली होती.

“तुमचा घसरला, मगदूम,” त्या म्हणाल्या. “अकरा.”

श्रेयांसनं मान हलवली. दर रविवारी जाऊन अकरा. काहीच न करता अडतीस होते.

“वडील वेगळे राहायला गेले ना? त्यांच्यामार्फत येत होतं ते बंद झालं. हे अकरा रविवारचे असतील. यंत्र तसं सांगत नाही, मी सांगतेय. कपात चालू राहील. हरकत घ्यायची आहे?”

“नको.”

तो बाहेर आला. बाकावर विभावरी आणि अप्पा बसले होते, आणि चंदना एका पायावर उड्या मारत फरशा ओलांडत होती. ती त्याच्यासमोर येऊन थांबली.

“तुला किती पडले?”

“अकरा.”

“कितीपैकी?”

“शंभरपैकी.”

तिनं आजोबांकडं बघितलं, मग आईकडं. दोघांपैकी कुणीच मदतीला आलं नाही. तिच्या शाळेत आताच परीक्षा सुरू झाल्या होत्या आणि या बाबतीत तिला सगळं कळत होतं.

“मग तू नापास झालास, श्रेयांस.”

“होय.”

“माझ्या वर्गातला विराज पण झाला. त्याला परत बसवणार आहेत.” ती जरा घुटमळली. मग त्याच्या हाताची दोन बोटं धरली आणि त्याला जिन्याकडं ओढू लागली. “रडू नको. चल.”

आपण रडतोय हे त्याला तोवर माहीत नव्हतं.